गावरान टोमॅटो चवदार आणि निरोगी, हायब्रीड बेचव आणि घातक? फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

टोमॅटोची रोपे टाकायची वेळ जवळ आली की शेतकऱ्यांच्या आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा की गावरान टोमॅटो चवदार असतो, निसर्गतःच रोगाला दाद देत नाही आणि नुसत्या शेणखतावर हायब्रीडइतकाच पिकतो. उलट हायब्रीड टोमॅटो जनुकबदल केलेला असतो, त्याला चव नसते आणि कंपन्यांनी त्याचे बी मुद्दाम वांझ करून ठेवलेले असते. या मजकुरात एक गाऱ्हाणे खरे आहे, दोन विधाने सपशेल चुकीची आहेत आणि उरलेली अर्धवट आहेत. परंतु त्यांची सरमिसळ अशी झाली आहे की खऱ्या गाऱ्हाण्याच्या बळावर चुकीची विधानेही खपून जातात.

जनुकबदलाचा दावा लवकर निकालात निघतो. भारतातील शेतकऱ्यांच्या शेतात अधिकृत परवानगीने व्यावसायिक लागवड होणारे जनुकबदल पीक एकच आहे, ते म्हणजे २००२ साली मान्यता मिळालेला बीटी कापूस. अमेरिकेत १९९४ मध्ये जनुकबदल केलेला एक टोमॅटो बाजारात आला होता, पण काही वर्षांतच तो मागे घेतला गेला. आपल्याकडचे हायब्रीड बी तयार होते ते एका वाणाच्या कळीतील पुंकेसर चिमट्याने काढून टाकून आणि त्या फुलाला दुसऱ्या वाणाचे पराग हाताने लावून. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाचे हेच काम चालते, आणि त्यात कोणतेही गूढ नाही.

रोगप्रतिकाराचा दावा मात्र सविस्तर तपासण्यासारखा आहे, कारण नुकसान होते ते तो खरा मानल्यामुळे. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तेथून मेक्सिको, युरोप आणि पुढे भारत असा प्रवास करताना दर टप्प्यावर मोजकेच बी पुढे गेले, त्यामुळे लागवडीखालील टोमॅटोतील आनुवंशिक विविधता फार अरुंद झाली. आज ज्या जनुकांच्या आधारे आपण रोगाशी झुंजतो, त्यांतील बहुतेक रानटी भाऊबंदांकडून विसाव्या शतकातील संकरांतून आलेली आहेत. लीफ कर्ल, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेतील बोकड्या, हा पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणूजन्य रोग; त्याला रोखणारी टीवाय-१ आणि टीवाय-३ ही जनुके सोलॅनम चिलेन्स या रानटी जातीतली, टीवाय-२ हे सोलॅनम हॅब्रोकाइटिसमधले, आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला अडवणारे एमआय हे जनुक सोलॅनम पेरुव्हियानममधले आहे. पिढ्यान्‌पिढ्या परसात जपलेल्या वाणात ही जनुके असण्याचे सहसा काही कारणच नसते. पांढऱ्या माशीने रोप कोवळे असतानाच विषाणूची लागण केली, तर अशा झाडाकडून जवळजवळ काहीही हाती लागत नाही.

मग गावरान झाडाला रोग येत नाही, हा समज आला कुठून? परसात चार झाडे असतात, आसपास दुसरा टोमॅटो नसतो, त्यामुळे पांढरी माशी आणि बुरशीचे बीजाणू यांचा दबावच कमी असतो. ते झाड प्रतिकारक नसते; ते एकटे असते. तेच वाण नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात, जिथे बांधाला बांध लागून टोमॅटो उभा असतो, तिथे लावून पाहिले तर फरक कळायला हंगाम संपण्याची वाट पाहावी लागणार नाही.

याचा अर्थ हायब्रीड सर्व रोगांना पुरून उरते असाही नाही, आणि बियाणे विकणाऱ्यांच्या जाहिराती इथे या मजकुराइतक्याच दोषी आहेत. प्रतिकार असतो तो विशिष्ट रोगाला. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक हे संकरित वाण लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांसाठी आहे. उशिरा येणारा करपा त्या यादीत नाही, त्यासाठी पुढे अर्का अभेद आले. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात ‘तिरंगा’ नावाने गाजलेल्या रोगाने संकरित प्लॉटच्या प्लॉट वाया घालवले. बाधित नमुन्यांत काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला होता, आणि त्याविरुद्ध लीफ कर्लची जनुके काहीच करू शकत नाहीत. सूत्रकृमीविरुद्धचे एमआय जनुकही जमिनीचे तापमान साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ढिले पडते. म्हणून पाकिटावर नुसते ‘रोगप्रतिकारक’ छापलेले असेल तर ते न छापल्यासारखेच समजावे आणि कोणत्या रोगाला, हे विचारावे. कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न बहुधा मरीचा असतो. अचानक सुकलेल्या झाडाचे खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरले आणि त्यातून दुधाळ धार सुटली, तर ती जिवाणूजन्य मर समजावी आणि पुढच्या हंगामाचे वाण त्यानुसार निवडावे.

आता चवीचे गाऱ्हाणे. ते खरे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळपास ४०० वाणांच्या अभ्यासात आधुनिक व्यापारी वाणांमध्ये स्वादाशी निगडित अनेक सुगंधी घटक जुन्या वाणांपेक्षा कमी आढळले, आणि फळ जसे मोठे तशी त्यातील साखर कमी, हेही दिसले. त्याआधी २०१२ मध्ये आणखी एक कारण उघड झाले होते. सर्व फळे कच्ची असताना एकसारखी फिकट हिरवी दिसावीत म्हणून पैदासकारांनी जो गुणधर्म निवडला, त्यात फळातील हरितलवके, म्हणजे उन्हातून साखर बनवणारे हिरवे कण, वाढवणारे एक जनुक निकामी झालेले होते, आणि त्याबरोबर फळातील साखरही घटली. अनेक जुन्या वाणांच्या कच्च्या फळावर देठाजवळ जो गडद हिरवा भाग दिसतो, तो बाजाराला डाग वाटला. प्रत्यक्षात तो चवीचा भाग होता.

तथापि यात दोष संकराचा नसून निवडीच्या उद्दिष्टांचा आहे. जपानमध्ये तयार झालेले सनगोल्ड हे नारिंगी चेरी टोमॅटोचे वाण गोडीसाठी जगभर नावाजले जाते, आणि ते संकरितच आहे. शिवाय बाजारातील बेचवपणाचा मोठा वाटा वाणाच्या पलीकडचा आहे. दूरच्या बाजारासाठी फळ रंग फुटू लागताच तोडले जाते, क्रेटमध्ये भरून शेकडो किलोमीटर जाते, आणि घरी आल्यावर आपण ते फ्रिजमध्ये ठेवतो, जिथे ५ अंशांच्या आसपासच्या थंडीत आठवडाभर राहिल्यास सुगंध तयार करणारी यंत्रणाच मंदावते. वेलीवर पूर्ण लाल झालेले हायब्रीड फळ आणि कच्चे तोडलेले गावरान फळ यांची तुलना करून पाहण्यास माझी हरकत नाही. अर्थात सारासाठी आंबट, पातळ सालीचे, रसाळ फळ हवे असेल तर तिथे गावरानाला तोड नाही, पण तीच पातळ साल त्याला दिल्लीच्या बाजारात पोहोचू देत नाही.

उत्पादनाबाबत आकडेच पुरेसे आहेत. बंगळूरच्या त्याच संस्थेच्या माहितीनुसार अर्का विकास या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचे उत्पादन हेक्टरी ३५ ते ४० टन, तर अर्का रक्षकचे ७५ ते ८० टन असते. हे उत्तम व्यवस्थापनातले आकडे आहेत आणि त्यामागे बांबू, तार, सुतळी, ठिबक आणि विद्राव्य खते यांचा खर्च आहे. भाव कोसळला तर हा खर्च अंगावर येतो, आणि मजकूर लिहिणाऱ्याने हा मुद्दा मांडला असता तर तो ऐकण्यासारखा ठरला असता.

राहिला वांझ बियाण्याचा दावा. हायब्रीड टोमॅटोचे बी उत्तम उगवते. उगवणच रोखणाऱ्या ‘टर्मिनेटर’ तंत्राचे पेटंट १९९८ मध्ये अमेरिकेत दिले गेले, पण ते कधी बाजारात आले नाही, आणि भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानुसार असे तंत्र असलेल्या वाणाची नोंदणी होत नाही. खरी अडचण वेगळी आहे: पुढच्या पिढीत गुण फुटतात, म्हणजे झाडागणिक वेगळे होतात. समजा, संकरित वाणात तीन रोगांविरुद्धची तीन स्वतंत्र, प्रभावी (म्हणजे एकच प्रत असली तरी काम करणारी) जनुके प्रत्येकी एकाच पालकाकडून आलेली आहेत. तर घरी ठेवलेल्या बियाण्यापासून आलेल्या १०० झाडांपैकी सरासरी ४२ झाडांतच तिन्ही एकत्र सापडतील. ज्यांना बी घरचेच हवे आणि ज्यांच्या जमिनीत मर आहे, त्यांच्यासाठी अर्का आलोक आणि अर्का आभा ही मरीला प्रतिकारक सरळ वाणे आहेत. टोमॅटो बहुतांशी स्वपरागित असल्यामुळे त्यांचे बी निरोगी झाडांवरून निवडून वर्षानुवर्षे ठेवता येते. मात्र त्यांच्याकडून लीफ कर्लपासून बचावाची अपेक्षा न ठेवता रोपे बारीक जाळीखालीच वाढवावी लागतात.