बकव्हीटने ब्लॉकेज विरघळत नाही हो

बकव्हीटचा तो फॉरवर्ड एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. बकव्हीट म्हणजे कुट्टू हे धान्यच नाही म्हणून त्यात कार्ब्ज नाहीत आणि शुगर वाढत नाही, त्यातलं रुटिन नावाचं द्रव्य धमन्यांमधला ब्लॉकेज विरघळवतं, तीन महिने रोज खाल्लं की कोलेस्टेरॉलची गोळी बंद, वजन आपोआप उतरतं, आणि नॅचरल असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य, असा एकंदर मजकूर आहे. माझं बकव्हीटशी काही वाकडं नाही, खाणं म्हणून ते चांगलंच आहे, पण यातलं "गोळी बंद" वाचून कुणीतरी खरंच गोळी बंद करेल म्हणून एवढं टाइप करतोय.

पहिलं, धान्य नाही हे अर्धं खरं. बकव्हीट गवताच्या कुळातलं नाही, ते आंबट चुक्याच्या भाजीच्या आणि रुबार्बच्या कुळातलं झाड, आणि गहू त्याचा लांबचाही नातेवाईक नाही. पण त्यावरून कार्ब्ज नाहीत हे कुठून काढलं? कच्च्या १०० ग्रॅम बकव्हीटमध्ये साधारण ७१ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं आणि कॅलरी ३४० च्या आसपास, म्हणजे या बाबतीत ते तांदूळ-गव्हाच्याच रांगेत बसतं. फरक आहे तो फायबरमध्ये (जवळपास १० ग्रॅम), प्रोटीनमध्ये (१३ ग्रॅमच्या आसपास) आणि मॅग्नेशियममध्ये (२३० मिलिग्रॅमच्या जवळ). अख्खे दाणे शिजवून खाल्ले तर मैद्याच्या ब्रेडपेक्षा शुगर हळू चढते हे माणसांवरच्या प्रयोगांत दिसलंय, पण हळू चढते म्हणजे चढत नाही असं नव्हे, आणि तेच दाणे बारीक दळून पीठ केलं की तो फायदाही कमी होतो.

डायबेटिसच्या मुद्द्यावर फॉरवर्डमध्ये "संशोधनात सिद्ध" असं लिहिलंय. बहुतेक त्यांना २००३ चा कॅनडामधला प्रयोग म्हणायचाय, ज्यात बकव्हीटच्या अर्कामुळे शुगर १२ ते १९ टक्के उतरली. उतरली हे खरं, फक्त ती उंदरांची उतरली, तेही औषध देऊन मुद्दाम डायबेटिक केलेल्या उंदरांची आणि अर्क देऊन. शिजवलेलं बकव्हीट खाणाऱ्या माणसाला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, पण फॉरवर्डमधून उंदीर तेवढे बरोबर गाळले जातात.

आता हार्टवाला मुद्दा, खरी गडबड इथेच आहे. रुटिन बकव्हीटमध्ये असतं हे बरोबर, पण आपण सहसा खातो त्या साध्या बकव्हीटमध्ये ते कमी असतं, तार्तरी नावाच्या कडवट जातीत कितीतरी पट जास्त असतं, आणि त्या पिठात पाणी घातलं की त्यातलंच एक एन्झाइम रुटिन तोडायला लागतं. म्हणजे ताटात किती पोचतं ते जातीवर आणि बनवण्यावर अवलंबून. बरं, पोचलं तरी धमनीत साचलेला थर म्हणजे काही पाइपातला गाळ नव्हे की वरून काहीतरी ओतलं आणि वाहून गेला, तो धमनीच्या भिंतीच्या आत तयार होतो, त्यात चरबी, पेशी, कॅल्शियम सगळं असतं. बकव्हीट खाऊन हा थर गेला असं माणसांमध्ये कुणी दाखवलेलं नाही.

मग काय दाखवलंय? १९९५ मध्ये चीनमधल्या यी समाजाच्या ८५० लोकांचा अभ्यास छापून आला होता, त्यात जे जास्त बकव्हीट खात होते त्यांचं एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी दिसलं. छान आहे, पण तो निरीक्षणाचा अभ्यास, त्यातून संबंध कळतो, कारण पक्कं होत नाही. २०१८ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, त्यात एकूण कोलेस्टेरॉल सरासरी ०.५० मिलिमोल म्हणजे आपल्या रिपोर्टच्या भाषेत साधारण १९ एमजी, आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २२ एमजीच्या आसपास कमी आले, फास्टिंग शुगरही थोडी उतरली. हे आकडे मला उगाच लहान करून दाखवायचे नाहीत, जेवणातला एक पदार्थ बदलून एवढं होत असेल तर चांगलंच आहे की. पण हे लहान लहान, एकमेकांसारखे नसलेले अभ्यास आहेत, आणि स्टॅटिनचा, म्हणजे त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचा, नेहमीचा डोस एलडीएल ३० टक्के किंवा त्याहून जास्त खाली आणतो. ज्याला एकदा अटॅक येऊन गेलाय त्याने या १९ एमजीच्या भरवशावर गोळी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. दोन्ही एकत्र चालतं, कुणी अडवलेलं नाही, रिपोर्ट सुधारला तर डोसचं काय करायचं ते डॉक्टर बघतील.

वजनाचं थोडक्यात सांगतो, त्याच २०१८ च्या हिशोबात वजनात ठळक फरक दिसला नव्हता. फायबरमुळे पोट भरल्यासारखं वाटून कुणी कमी खाल्लं तर उतरेलही, पण तेलात तळून खाल्लं तर कसं उतरणार?

साइड इफेक्ट शून्य हे तर सरळ चूक. बकव्हीटची ॲलर्जी कमी लोकांना असते पण असते तेव्हा जोरात येते, अंगावर पित्त उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत, आणि जपानमध्ये तर ज्या पदार्थांचा उल्लेख पाकिटावर सक्तीचा आहे त्या मोजक्या यादीत बकव्हीट आहे. पहिल्यांदा खाताय तर थोडंच खा, ओठ-घसा सुजला किंवा धाप लागली तर घरी उपाय करत न बसता ताबडतोब दवाखाना गाठा. आणि ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांनी पाकीट उलटं करून वाचाच, कारण बकव्हीटमध्ये ग्लुटेन नसलं तरी बकव्हीटच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच नूडल्समध्ये गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि एकाच गिरणीत दोन्ही दळलं तरी मिसळतं.