आधी नळ द्या, मग ग्लोव्ह्ज मागा

गेल्या महिन्यात माझी धाकटी टायफॉइडने अकरा दिवस आजारी होती. घरात सगळ्यांचं एकच, "ती गाडीवरची पाणीपुरी!" टायफॉइड उगवायला एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण माझं डोकं फिरलं होतं. ती हिंडूफिरू लागल्यावर मी त्या हातगाडीपाशी भांडायलाच गेले.

गर्दी होती म्हणून तासभर थांबले, आणि भांडण ओठातच राहिलं. प्लेटा विसळायला एकच बादली, तिचं पाणी बघता बघता ताकासारखं झालं. त्यातच हात बुचकळायचे, मग ज्या फडक्याने गाडी पुसली त्यालाच पुसायचे. "दादा, पाणी बदलत का नाही?" तर म्हणाला, "ताई, आणू कुठून? समोरचा वॉचमन दुपारी दोन कॅन भरू देतो, तेवढ्यात रात्री दहापर्यंत भागवायचं."

कढईतून थेट हातात येणारा वडा मी आजही बिनधास्त खाते. घात होतो तो हिरवी चटणी, चिरलेला कांदा, उकडून ठेवलेला बटाटा, पुरीचं पाणी यांत, कारण त्यांना नंतर आच लागतच नाही. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, ई. कोलाय या पोट बिघडवणाऱ्या जंतूला पोषक जागा मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट. या हिशोबाने सात तासांत एकाचे वीस लाख!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या अंदाजानुसार दूषित अन्नाने जगात दरवर्षी ४ लाख २० हजार माणसं दगावतात, त्यात सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं. आणि आपण काय करतो? "ग्लोव्ह्ज घाला" म्हणतो. त्याच ग्लोव्ह्जने नोटा घेतल्या, त्यानेच पुरी फोडली, तर फायदा काय?

मनात आलं तर सरकारला जमतं हो. २०१८मध्ये राज्याच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळा करायला लावला, तेव्हा कुठला बर्फ सरबतात नको हे लहान पोरालाही दिसलं. फेरीवाल्यांचा कायदा २०१४चा आहे. त्यानुसार फेरीवाला क्षेत्र आखताना पट्टे मारता, मग तिथे नळ आणि सांडपाण्याची जाळी का नाही? तो पाणीपुरीवाला नळाचे पैसे द्यायला तयार आहे, मी विचारलंय.

सोमवारी वॉर्ड ऑफिसात अर्ज देतेय. आमच्या गल्लीतल्या ३८ सह्या झाल्यात, पहिली त्या पाणीपुरीवाल्याची.