घोंगडीचा माग भत्त्यामुळे थांबत नाही

सोलापूर जिल्ह्यात व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा: “सरकार घरबसल्या पैसे देतंय म्हणून घोंगडी विणणाऱ्यांनी माग सोडले. गणपतीत भत्ता येतो अन् माग बंद. वर विश्वकर्माचं लाखाचं कर्ज आहेच.”

“घरबसल्या पैसे.” राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणातला उत्सव भत्ता वर्षातून एकदाच मिळतो, पुरुष विणकराला 10,000 रुपये, महिलेला 15,000. दहा हजार म्हणजे दिवसाला 27 रुपये. त्यावर घर चालत नाही. लाडकी बहीणचे महिना 1,500 त्यात धरले, तरी तिथे वयाची अट 21 ते 65 आहे. सूत कातणाऱ्या कित्येक म्हाताऱ्या त्यात बसतच नाहीत.

“गणपतीत माग बंद.” बंद असतात, पण पावसामुळे. लोकरीचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, खळीशिवाय मागावर चढत नाही. खळ म्हणजे धाग्याला ताठपणा देणारी पेज. चिंचोके भिजवून, साल काढून, वाटून, शिजवून खळ करतात. ताणा उघड्यावर ताणून धरतात आणि कुंच्याने ती सुतात मुरवतात. मग कडक ऊन लागतं. ऊन नसेल तर धागे एकमेकांना चिकटतात, सोडवताना तुटतात, ओल राहिली तर ताण्याला बुरशी धरते. खळ पातळ झाली तर सुताची लव उठते आणि मागाच्या फणीत धागा अडकतो. दाट झाली तर तो कडक होऊन तुटतो. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणजे ऐन गणपतीच्या सुमारास. भत्ता आणि बंद माग एकाच महिन्यात दिसतात ते एवढ्यामुळेच.

“विश्वकर्माचं कर्ज.” पीएम विश्वकर्मा ही कारागिरांना कर्ज देणारी केंद्राची योजना. तिच्या 18 व्यवसायांत शिंपी, कुंभार, चांभार, टोपल्या विणणारे आहेत, हातमाग विणकर नाही.

माग खरोखर सुटतात ते वेगळ्या कारणांनी. पानिपतचं स्वस्त ब्लँकेट बाजारात आहे. मेंढपाळ मटणासाठी माडग्याळ मेंढीकडे वळले, आणि तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नसतेच. दख्खनी मेंढीची काळी लोकर त्यामुळे दुर्मीळ झाली.

अशा वेळी हातात रोकड असली तर कातरणीच्या वेळी लोकर थेट मेंढपाळाकडून घेता येते. नसली तर व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि घोंगडी त्याच्याच भावाने त्याला द्यायची. भत्त्याचा खरा उपयोग इथे आहे, म्हणून तो कमी करा म्हणण्यापेक्षा कातरणीच्या आधी, न चुकता खात्यात जमा करा असं म्हणायला हवं.