तक्रार झाली म्हणून घराला कुलूप लागत नाही

सोमवारी रात्री मावशीचा फोन आला. ‘भांडी बांधायला घेतलीयत रे.’ ती ठाण्यात वर्तकनगरला पालिकेच्या रेंटल बिल्डिंगमध्ये राहते. जुनी इमारत धोकादायक ठरली तेव्हा मिळालेली 160 चौरस फुटांची खोली. तिच्या मुलाची मजल्यावर मारामारी झाली, शेजाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज तिच्यापर्यंत आला: ‘भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार तक्रार होताच खोली रद्द, 24 तासांत कुलूप. 50 सह्या पुरेशा. एकाचा गुन्हा, सगळं कुटुंब बाहेर.’

मुळात मेसेजमध्ये कायदाच चुकीचा दिलाय. त्याचं कलम 3 उघडा. सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या जागांना तो लागूच होत नाही. जिथे होतो तिथेही, ‘शेजाऱ्यांना उपद्रव’ हे कारण घेऊन मालकाला कोर्टातच जावं लागतं.

आणि 24 तास? पालिकेच्या जागेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 81 ब लागतं. आधी कारणे दाखवा नोटीस, त्यात कारण लिहिलेलं. मग तुमचं म्हणणं. त्यानंतर आयुक्तांचा आदेश, आणि त्यातही खोली सोडायला एक महिना. पटलं नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील. साठीतल्या बाईला रात्री सामान बांधायला लावणाऱ्याने हे एक कलम तरी वाचायचं होतं!

सह्यांचा अर्ज ही तक्रार झाली, निकाल नव्हे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. पोटभाडेकरू ठेवला, दोन महिन्यांहून जास्त भाडं थकवलं, अटी मोडल्या, तर खोली जाऊ शकते. आदेश निघालाच तर तो घरातल्या सगळ्यांना लागतो. रोजच्या दारूने आणि शिवीगाळीने त्रासलेल्या शेजाऱ्यांचं दुःखही खोटं नाही. पण म्हणूनच आदेशाआधी तपासायला हवं की कुणी केलं, एकदाच की वारंवार, पुरावा काय, समज देऊन थांबेल का. 13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची घरं पाडण्याच्या ‘बुलडोझर’ प्रकरणात बजावलं की एकावर आरोप आहे म्हणून घरातल्या इतरांचं छप्पर काढून घेता येत नाही. तो निकाल पाडकामाबद्दलचा आहे, भाड्याच्या खोलीबद्दलचा नाही. पण मावशीने कुणाला मारलं होतं?

तिला सांगितलं, भांडी परत फळीवर लाव. भाड्याच्या पावत्या एका पिशवीत ठेव. नोटीस आली तर उत्तर लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. कोर्टनाक्यावर जायची वेळ आली तर मी येतो बरोबर.