प्लायची गिटार म्हणजे कचरा? थांबा भो

"टॉप प्लायचा असेल तर गिटार घेऊच नका" (टॉप म्हणजे गिटारची पुढची फळी, प्लाय म्हणजे पातळ थर चिकटवून केलेलं लाकूड) हे जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर फिरतंय, आणि सुरुवात माझ्याच पोस्टने झालीय, सॉरी. ते चुकलं. यामाहाची एफ310 प्लाय टॉपचीच आहे आणि शिकायला मस्त चालते. सॉलिड टॉपचा (थर नसलेल्या, अखंड लाकडाचा) आवाज जास्त खुलतो हे खरं, पण आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात आधी तडकतो पण तोच. त्यापेक्षा 12व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सगळ्यात जाड तार पट्टीपासून किती वर आहे बघा, 2.5 मिमीच्या आसपास ठीक, 4 च्या वर गेली की बोटं सोलतात, मग तिथेच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून) वाजवा आणि तार दाबून वाजवा, दोन्ही सूर एकच यायला पाहिजेत. भाच्याची स्वस्तातली प्लायची यात पास झाली, माझी महागडी नाही (हसू नका). जुना मेसेज आता पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका.