बॉटनी केलीत? आता करिअरचं बघू

डिग्री मिळाली ना, अभिनंदन. आता जन्मभर लोक तुम्हाला एकच प्रश्न विचारणार, आमच्या मनी प्लँटची पानं पिवळी का पडतायत. सांगा, पाणी कमी घाला. बहुतेक वेळा बरोबरच निघतं, फक्त एवढ्यासाठी कॉलेजची इतकी वर्षं घातली हे बोलू नका.

घाई असेल तर प्लँट ब्रीडिंगकडे फिरकू नका. एक नवीन वाण शेतात पोचेपर्यंत दहा-बारा वर्षं आरामात जातात, तोवर तुमच्या बॅचमधले कॉमर्सवाले तीन कंपन्या बदलून मॅनेजर झालेले असतात. गव्हाचे नवे वाण काढणाऱ्या नॉर्मन बोरलॉग या शास्त्रज्ञाला एवढा धीर नव्हता, बियाण्याला मधे विश्रांती लागते असं जाणकार सांगत असताना याने मेक्सिकोत वर्षाला गव्हाच्या दोन पिढ्या काढायला घेतल्या. १९७० मध्ये नोबेल मिळालं, पण शांततेचं. शेतीचं नोबेल नाहीच आहे मुळी, त्यामुळे तुम्हीही शांतच राहा.

शिकवायचं म्हणताय? आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल शिक्षकाच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, मग वाटाणे मोजत बसला. पेपर छापून आला १८६६ मध्ये, स्वतः वारला १८८४ मध्ये, आणि लोकांना त्या पेपरची किंमत कळली १९०० मध्ये. प्रमोशनची एवढी वाट बघायची तयारी असेल तर रिसर्च उत्तम.

टॅक्सॉनॉमी, म्हणजे वनस्पती ओळखून त्यांची नावं आणि गट ठरवणं, मात्र जरूर करा, पगार ही गोष्ट ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांनी तर नक्कीच. रानोमाळ हिंडायचं, पानं रद्दीत दाबून वाळवायची, शीटवर चिकटवायची, लेबल लावायचं. लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये अशी ७० लाखांच्या आसपास शीट्स आहेत, तुमचं एक त्यात सहज मावेल. आणि तुम्ही नाव पाठ केलंत की कुणीतरी ते बदलणार. आमचा टोमॅटो शास्त्रीय नावाने लायकोपर्सिकॉन होता, बघता बघता सोलॅनम झाला, त्या पाठांतराचे मार्क आता परत घेणार की काय देव जाणे.

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोप वाढवायच्या, लॅबमध्ये रोप येवो न येवो, बुरशी हमखास येते. त्याच अनुभवावर प्लँट पॅथॉलॉजीत, म्हणजे झाडांच्या रोगांच्या खात्यात, अर्ज टाका. तिथे गिऱ्हाईक अमर आहे, १८४५ मध्ये आयर्लंडचे बटाटे सडवणारा फायटोफ्थोरा अजून ड्युटीवर आहे (आणि तो खरं तर बुरशी नाहीच, ऊमायसीट नावाच्या, बुरशीसारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच गटातला आहे, पण हे लग्नाच्या बायोडेटात टाकू नका).

सुरक्षित नोकरी हवी? नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची बियाण्यांची तिजोरी बघा, २००८ पासून चालू आहे, डोंगराच्या पोटात, उणे १८ अंश. याहून सुरक्षित जागा सापडणार नाही, फक्त तिथे कायमचा स्टाफच ठेवलेला नाही.

उरलं बायोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर चाळणं. पगार बरा, एसी असतो, जीनोमच्या फाइल्स कितीही उघडा, झाडाचं तोंड बघायला लागत नाही. टेबलावर एक कुंडी ठेवा, आपण बॉटनीचे आहोत हे लोकांना कळलं पाहिजे ना. प्लास्टिकचं झाड आणा पण, खऱ्याला पाणी घालायला वेळ कुणाला आहे.