सदाफुलीची पानं खा आणि शुगरच्या गोळ्या बंद करा? अजिबात नको!

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरायलाय: "सदाफुलीची सात पानं उपाशीपोटी चावा, शुगर मुळापासून जाते, उंदरांवर सिद्ध झालंय, नैसर्गिक आहे म्हणून साइड इफेक्ट नाही, गोळ्या बंद करा." माझं मेडिकल आहे, लोक काउंटरवर येऊन मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरच्या गोळ्यांची, अर्धीच पट्टी द्या म्हणायलेत, म्हणून लिहितोय.

उंदरांवर सिद्ध झालंय म्हणे. उंदरांची शुगर उतरली हे खरंय, पण त्यांना डायबेटीस झालेला नसतो, मुद्दाम करतात. स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन देऊन इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, मग काही आठवडे नळीने अर्क पाजून शुगर तपासतात. आपल्या मामा-काकांची शुगर अशी आलेली नाही ओ, त्यांच्यात बहुतेकांना इन्सुलिन असून अंगाला लागत नाही आणि हे वर्षानुवर्षं चालत आलेलं असतं.

सात पानांचा हिशोब तर कुठंच बसत नाही. उंदराला वजनाच्या किलोमागे 500 मिलिग्रॅम अर्क दिला तर माणसासाठी तो आकडा साधारण सहाने भागतात, तरी 60 किलोच्या माणसाला रोज जवळपास 5 ग्रॅम सुका अर्क लागेल. पानं न्हवे, अर्क!

आता साइड इफेक्ट नाही म्हणतात ते, मला सगळ्यात राग याचाच येतो. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी जमैकाहून आलेली हीच सदाफुलीची पानं डायबेटीससाठीच तपासायला घेतली होती. त्यांच्या प्रयोगात उंदरांची शुगर हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या आणि इन्फेक्शनने उंदीर मेले. त्यातूनच 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन पुढं आलं, कॅन्सरचं औषध. याच झाडातलं दुसरं औषध व्हिन्क्रिस्टिन, त्याने हातापायाच्या नसा बधिर होतात, आणि शुगरवाल्यांचे पाय आधीच बधिर असतात. तुळशीशेजारी पेंटच्या डब्यात लावलेलं ते गुलाबी फुलाचं झाड हेच हो.

गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याला एकच विचारा, ज्याला इन्सुलिन चालू आहे त्याने सोडलं तर काय होतं? टाइप वनचं, म्हणजे ज्याच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही असं पोरगं असेल तर एक-दोन दिवसांत रक्तात ॲसिड वाढून जिवावर बेततं.

औषध कंपन्या झाडपाला दाबतात असं पण काही जण म्हणतात, तेही खरं नाही. मेटफॉर्मिनचं मूळच गॅलेगा नावाच्या झाडात आहे, ते 1922 मध्ये तयार झालं आणि 1957 मध्ये फ्रान्सचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी माणसांवरचे निकाल छापले. बेळगावातच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवर काम करणारी संस्था आहे की. पानं खातच असाल तर डॉक्टरांना सांगा, गोळी चालू ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या.